वायफाय बदललं की सगळं बोंबलतं! ऑटोमॅटिक सेटिंग तसंच ठेवून लॅपटॉपवर डीएनएस कॅशे कसा लावायचा?

लॅपटॉपग्रस्त:

नमस्कार मंडळी. दोन रविवार या एकाच गोष्टीत घातलेत आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतोय. पोस्ट लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

लॅपटॉपवर डेबियन १२ आहे, नेहमीचा डेस्कटॉप, नेटवर्कचं सगळं नेटवर्कमॅनेजर बघतो, आयपी बियपी सगळं ऑटोमॅटिक म्हणजे डीएचसीपीने येतं, त्याला मी कधी हात लावला नव्हता. घरच्या वायफायवर त्रास असा की कुठलीही नवीन साइट उघडली की आधी काहीच होत नाही, पान पांढरंफटक, चारपाच सेकंद नुसतं गोल फिरतं आणि मग धाडकन सगळं एकदम येतं, त्यानंतर त्याच साइटवर फिरलं तर ठीक, पण थोड्या वेळाने परत गेलो की पुन्हा तेच गोल. स्पीड टेस्ट केली तर स्पीड एकदम झकास. म्हणून शोधाशोध केली, कुठेतरी वाचलं की लिनक्सवर डीएनएसचा (म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा) कॅशे, म्हणजे आधी मिळालेली उत्तरं लक्षात ठेवणारी जागा, आपला आपण लावावा लागतो, आणि एक जुना ब्लॉग सापडला.

त्या ब्लॉगप्रमाणे डीएनएसमास्क हा डीएनएस कॅशे करणारा छोटा प्रोग्राम टाकला. त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये नो-रिझॉल्व्ह लिहिलं, स्ट्रिक्ट-ऑर्डर लिहिलं, आणि सर्व्हर म्हणून राउटरकडून जे दोन पत्ते यायचे ते टाकले. मग रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (डीएनएस सर्व्हरचे पत्ते असतात ती फाइल) उघडून त्यात १२७.०.०.१, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता, लिहिलं. वायफाय बंदचालू केलं की ते पुसलं जायचं. मग ब्लॉगच्या खालच्या कमेंटमध्ये कुणीतरी सांगितलं होतं की चॅटर प्लस आय करून फाइलला कुलूपच लावा, ते लावलं. आता घरी असं झालंय की पहिल्यांदा साइट उघडताना पाच सेकंद तसेच लागतात, दुसऱ्यांदा मात्र भुर्रकन. म्हणजे अर्धं यश.

पण घराबाहेर पार वाट लागली. गेस्ट वायफायला जोडलं तर लॉगिनचं पानच येत नाही, आणि ऑफिसचं व्हीपीएन लावलं तर आतल्या सर्व्हरची नावं सापडत नाहीत. कुलूप काढून सगळं पूर्ववत केलं की बाहेर चालतं, घरी परत गोल गोल.

तर प्रश्न असा की पत्ते ऑटोमॅटिकच येऊ देत, जिथे जाईन तिथले, आणि तरी मधे कॅशे राहील असं काही जमतं का, की दोन्हीतलं एकच मिळतं? आणि कृपा करून "राउटरमध्ये कर" असं सांगू नका, लॅपटॉप माझ्यासोबत फिरतो, राउटर नाही.


कशाला_हवंय:

भावा ब्राउझर स्वतः कॅशे ठेवतोच की. क्रोम ठेवतो, फायरफॉक्स ठेवतो. एवढा उपद्व्याप कशासाठी? काढून टाक सगळं आणि सुखाने झोप.


जुनंखोड:

ब्राउझर ठेवतो हे खरं पण फार थोडा वेळ, फायरफॉक्समध्ये साधारण मिनिटभर, आणि तो कॅशे त्या ब्राउझरपुरताच. अपडेट खेचणारा, मेल बघणारा, गिट, चॅटचं ॲप हे सगळे आपापले स्वतंत्र विचारायला जातात. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीत नावं शोधणारा जो रिझॉल्व्हर आहे तो काहीही लक्षात ठेवत नाही, दर वेळी पाटी कोरी. त्यामुळे ग्रस्तभाऊंना कॅशे हवासा वाटणं चुकीचं नाहीये, फक्त त्यांनी जो रस्ता धरला तो चुकला.

आता नीट सांगतो. फोनवरून टाइप करतोय म्हणून कमांड देवनागरीतच लिहितोय, टर्मिनलमध्ये काय टाकायचं ते कळेलच.

आधी हे बघा की हा पत्ता तुमच्यापर्यंत येतो कसा. वायफायला जोडलं की लॅपटॉप डीएचसीपीने ओरडतो, मला पत्ता द्या. समोरून आयपी येतो, गेटवे येतो, आणि सोबत ऑप्शन क्रमांक ६ म्हणून डीएनएस सर्व्हरची यादी येते. नेटवर्कमॅनेजर ती यादी घेतो आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये उतरवतो. प्रोग्राम ती फाइल वाचतात आणि थेट त्या सर्व्हरकडे जातात. तुम्ही काय केलंत, तर शेवटच्या टोकाला जाऊन फाइलला कुलूप लावलंत. म्हणजे डीएचसीपी बिचारा दर ठिकाणी बरोबर यादी आणतोय आणि दारातून परत जातोय, आणि तुमचा डीएनएसमास्क घरचे दोन पत्ते पाठ करून जगभर फिरतोय. गेस्ट वायफायवाले बहुतेक वेळा लॉगिन होईपर्यंत बाहेरच्या डीएनएसकडे जाऊच देत नाहीत, त्यांच्याच सर्व्हरला विचारावं लागतं. लॉगिनचं पान न येण्याचं कारण एवढंच. व्हीपीएनचं तसंच, आतली नावं आतल्या सर्व्हरलाच माहीत, आणि त्याला विचारायला कुणी जातच नाहीये.

कॅशे त्या फाइलच्या आणि यादीच्या मधोमध बसला पाहिजे. यादी येते ती कॅशेवाल्याला द्यायची, आणि प्रोग्रामांना फक्त कॅशेवाल्याचा पत्ता द्यायचा. हे काम नेटवर्कमॅनेजरला स्वतःला येतं. त्याला सांगायचं की तू तुझा डीएनएसमास्क उभा कर. तो करतो, दर नेटवर्कला नवे पत्ते त्याला कळवतो, व्हीपीएन लागलं तर त्या डोमेनपुरते प्रश्न व्हीपीएनच्या सर्व्हरकडे वळवतो, आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.१ लिहून टाकतो. तुम्ही फाइलला हात लावायचाच नाही.

कृती: पहिलं म्हणजे कुलूप काढा, चॅटर मायनस आय. मग एटसीमध्ये नेटवर्कमॅनेजरचं फोल्डर आहे, त्यात कॉन्फ डॉट डी, त्यात कुठल्याही नावाची एक फाइल करा जिचा शेवट डॉट कॉन्फ असेल. आत दोन ओळी. पहिलीत चौकोनी कंसात मेन, दुसरीत डीएनएस बरोबर डीएनएसमास्क. नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. संपलं. आणि सेटिंगमध्ये एकदा डोकवा की त्या वायफायच्या कनेक्शनला आयपीव्ही४ "ऑटोमॅटिक" आहे ना, तिथे "ऑटोमॅटिक, फक्त पत्ते" असा एक पर्याय असतो, प्रयोग करताना चुकून तो निवडला गेला असेल तर डीएचसीपीचे डीएनएस पत्ते घेतलेच जात नाहीत आणि मग माणूस भूत शोधत बसतो.

कॅशेत किती नावं मावतील ते वाढवायचं असेल तर नेटवर्कमॅनेजरच्याच फोल्डरात डीएनएसमास्क डॉट डी आहे, तिथे एका फाइलमध्ये कॅशे-साइज लिहा, १००० पुष्कळ झाले. डीएनएसमास्कचा स्वतःचा डीफॉल्ट १५० आहे. लक्षात ठेवा, एटसीमधली नेहमीची डीएनएसमास्क डॉट कॉन्फ हा नेटवर्कमॅनेजरवाला वाचत नाही. तिथे कितीही लिहा, पालथ्या घड्यावर पाणी.


घुबड_रात्रीचं:

जुनंखोड यांनी छान सांगितलंय पण एक राहिलं. इतर कुणी हा धागा वाचून लगेच कामाला लागणार असेल तर आधी हे तपासा की तुमच्याकडे कॅशे आधीच आहे का. उबंटू आणि फेडोरावर सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड हा कॅशेवाला आधीपासून चालू असतो, फेडोरात ३३ पासून. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडून बघा, १२७.०.०.५३ दिसला म्हणजे तो तिथे बसलेला आहे आणि कॅशे करतोच आहे. रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस केलं की कुठल्या जाळ्यावरून कुठला सर्व्हर आला ते सगळं स्वच्छ दिसतं, रिझॉल्व्हसीटीएल स्टॅटिस्टिक्स केलं की कॅशेत किती वेळा सापडलं किती वेळा नाही ते आकडे येतात. त्याच्या डोक्यावर अजून एक डीएनएसमास्क बसवणं म्हणजे छत्रीखाली रेनकोट.

डेबियन १२ ची गोष्ट वेगळी. तिथे रिझॉल्व्ह्ड हे वेगळं पॅकेज आहे, तुम्ही टाकलं नसेल तर नाहीच. त्यामुळे ग्रस्तभाऊंच्या लॅपटॉपवर खरंच काही कॅशे नव्हता. ते डीएनएसमास्कऐवजी रिझॉल्व्ह्डही टाकू शकतात, नेटवर्कमॅनेजरचं त्याच्याशी आपोआप जमतं. मला वैयक्तिक रिझॉल्व्ह्ड आवडतो कारण तो दर कनेक्शनचे सर्व्हर वेगवेगळे धरतो. पण ज्याला एक साधी टेक्स्ट फाइल बघून समाधान वाटतं त्याला डीएनएसमास्कच बरा. दोन्हींपैकी एक घ्या. दोन्ही नको.


लॅपटॉपग्रस्त:

जुनंखोड साहेब, पालथ्या घड्याबद्दल आभार, मी नेमकं तेच करत बसलो होतो.

कुलूप काढलं, दोन ओळींची फाइल केली, रीस्टार्ट केलं. काही फरक नाही. जर्नल (सिस्टिमची नोंदवही) बघितला तर नेटवर्कमॅनेजरच्या ओळींमध्ये डीएनएसमास्क "फेल्ड टू क्रिएट लिसनिंग सॉकेट, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" असं काहीतरी रडतोय आणि मरतोय. कोण बसलंय तिथे?


जुनंखोड:

तुम्हीच बसवलेला बसलाय. डेबियनमध्ये दोन पॅकेजं आहेत. डीएनएसमास्क-बेस म्हणजे नुसता प्रोग्राम, आणि डीएनएसमास्क म्हणजे तोच प्रोग्राम अधिक सर्व्हिस, जी बूट झाल्या झाल्या ५३ नंबरचा पोर्ट अडवून बसते. तुम्ही ब्लॉग वाचून दुसरं टाकलंत. आता नेटवर्कमॅनेजर आपला पोरगा पाठवतो तर खुर्ची आधीच भरलेली. सर्व्हिस बंद करून डिसेबल करा किंवा ते पॅकेज काढून फक्त बेस ठेवा. मी दुसरं सुचवेन, नाहीतर सहा महिन्यांनी कुठल्यातरी अपग्रेडमध्ये ती परत जागी होईल आणि तुम्ही परत इथे याल.

कोण कुठे बसलंय हे बघायला एसएस कमांड, लहान एल, यू, एन, पी लावून, सुडोने. ५३ च्या समोर नाव दिसतं. हे बघताना एक अजून बघा की तो १२७.०.०.१ वरच ऐकतोय, सगळ्या पत्त्यांवर नाही. गेस्ट वायफायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुमच्या लॅपटॉपचा डीएनएस वापरता येणं काही चांगलं नाही. नेटवर्कमॅनेजरवाला फक्त आतल्या पत्त्यावर ऐकतो त्यामुळे तिथे काळजी नाही, पण आपल्या हाताने उभा केलेला असेल तर लिसन-ॲड्रेस आणि बाइंड-इंटरफेसेस हे दोन्ही लिहावं लागतं.


शांतगोगलगाय:

मध्ये बोलते, माफ करा, पण मला पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट खटकतेय आणि तिच्याबद्दल कुणी काही बोललेलंच नाही. "पाच सेकंद". कॅशे नसला म्हणून कुणालाही पाच सेकंद लागत नाहीत हो. कॅशे नसताना साधा डीएनएसचा प्रश्न वीसतीस मिलिसेकंदात, फार तर शंभरदोनशेत सुटतो. पाच सेकंद हा आकडा आपोआप येत नाही. जीलिबसी पहिल्या सर्व्हरला विचारते, उत्तराची वाट बघते, आणि वाट बघण्याचा तिचा डीफॉल्ट वेळ बरोबर ५ सेकंद आहे. मग दुसऱ्याकडे जाते. आणि तिला आठवण नसल्यामुळे पुढच्या नावाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, परत पाच सेकंद. म्हणजे माझा अंदाज, यादीतला पहिला सर्व्हर मेलेला आहे किंवा तुमच्याशी अबोला धरून बसलाय. कॅशे लावून तुम्ही दुखणं झाकताय.

आणि तुमचं अर्धं यश पण त्यातच बसतं बघा. स्ट्रिक्ट-ऑर्डर लिहिलंत म्हणता, त्याचा अर्थच असा की यादी जशी आहे त्याच क्रमाने विचार. म्हणजे डीएनएसमास्क पण इमानेइतबारे आधी मेलेल्याच्या दारात जाणार. पहिल्यांदा पाच सेकंद, दुसऱ्यांदा कॅशेतून भुर्र. ते नसतं लिहिलं तर डीएनएसमास्क मुळात जिवंत असलेल्याला पसंती देतो.


जुनंखोड:

गोगलगायताई, बरोबर पकडलंत. मी कृती सांगण्याच्या नादात लक्षणच विसरलो.


घुबड_रात्रीचं:

अजून एक संशयित आहे. हल्ली प्रोग्राम एका नावासाठी दोन प्रश्न एकदम विचारतात, एक जुन्या आयपीव्ही४ पत्त्यासाठी आणि एक आयपीव्ही६ साठी, आणि जीलिबसी ते दोन्ही एकाच सॉकेटवरून एकापाठोपाठ सोडते. काही स्वस्त राउटर यातलं एक उत्तर गिळतात. मग दुसऱ्याची वाट बघत तेच पाच सेकंद. त्यावर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन असा उपाय आहे. पण हा त्रास सहसा कधी होतो कधी नाही असा असतो, आणि तुम्ही म्हणताय दर वेळी, त्यामुळे गोगलगायचाच संशयित पुढे आहे.

तपासायला सोपं आहे. एनएमसीएलआय डिव्हाइस शो करा, त्यात आयपी४ डॉट डीएनएस अशा ओळी येतील, ती डीएचसीपीने आलेली यादी. मग एकेकाला वेगळं विचारा. डिग, मग ॲटचं चिन्ह आणि त्याला चिकटून सर्व्हरचा पत्ता, मग कुठलंही नाव. असं केलं की मधला कॅशेबिशे सगळा टळतो आणि थेट त्याचं तोंड दिसतं.

हो आणि जर पहिला पत्ता घरातल्याच एखाद्या बंद पडलेल्या पेटीचा असता तर साधारण तीन सेकंदांत होस्ट अनरीचेबल येऊन पुढे गेलं असतं, कारण एआरपीला, म्हणजे घरच्या जाळ्यातल्या "हा पत्ता कुणाचा" या हाकेलाच, कुणी ओ देत नाही. पूर्ण पाच लागतायत म्हणजे पॅकेट बाहेर जातंय आणि पलीकडचा गप्प आहे.


लॅपटॉपग्रस्त:

बाप रे. ऐका आता.

आधी पॅकेजचं केलं, काढून फक्त बेस ठेवलं, रीस्टार्ट, आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये आपोआप १२७.०.०.१ आला, वरती "जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर" अशी ओळ. डिग केलं, खाली सर्व्हर १२७.०.०.१, पहिल्यांदा क्वेरी टाइम ३४ मिलिसेकंद, लगेच दुसऱ्यांदा ० मिलिसेकंद. शून्य! आणि ते पाच सेकंद गायब, स्ट्रिक्ट-ऑर्डर जुन्या फाइलसोबतच गेलं म्हणून. मी म्हटलं झालं, आता धाग्यावर आभार मानून मोकळं व्हावं.

पण गोगलगायताईंचं वाक्य डोक्यात राहिलं, दुखणं झाकताय. म्हणून यादी काढली. दोन पत्ते. दुसरा राउटरचा स्वतःचा, त्याला विचारलं तर टकाटक उत्तर. पहिला कुठलातरी बाहेरचा पत्ता, त्याला विचारलं तर डिग पंधरा सेकंद लटकला आणि म्हणाला, टाइम्ड आउट, नो सर्व्हर्स कुड बी रीच्ड. आता हा पत्ता आला कुठून? राउटरचं पान उघडलं, डीएचसीपीच्या सेटिंगमध्ये "प्रायमरी डीएनएस" म्हणून तो हाताने टाकलेला. हाताने! घरात राउटरचा पासवर्ड फक्त मला माहितीये.

आणि मग आठवलं. मागच्या वर्षी इंटरनेट कनेक्शन बदललं. त्याच्या आधीच्या कंपनीचा डीएनएस मीच तिथे टाकला होता, का टाकला होता देव जाणे, बहुतेक असाच कुठलातरी ब्लॉग वाचून. कनेक्शन बदलल्यावर राउटर तोच ठेवला, ती ओळ तशीच राहिली.


शांतगोगलगाय:

हेच असतं ९० टक्के वेळा 😄 बऱ्याच इंटरनेट कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त आपल्या गिऱ्हाइकांना उत्तर देतात, बाहेरच्याने विचारलं तर काहीजण नकार पाठवतात, काहीजण तोंडच उघडत नाहीत. नकार आला असता तर लगेच पुढच्याकडे गेलं असतं आणि तुम्हाला वर्षभर कळलंही नसतं. तुमच्या वाट्याला मौनव्रतवाला आला.

ती ओळ राउटरमधून काढाच, फोन टीव्ही सगळ्यांचं भलं होईल. राउटरमध्ये कर असं सांगू नका म्हणाला होतात, पण आता सांगावंच लागतंय.


कशाला_हवंय:

म्हणजे मी पहिल्याच उत्तरात म्हटलं होतं ते बरोबर होतं ना? कॅशेची गरज नव्हतीच. 😎


जुनंखोड:

घड्याळ बंद पडलं तरी दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. गरज नव्हती हे खरं, पण उपयोग नाही असं नाही. ग्रस्तभाऊंचं ० मिलिसेकंद काही खोटं नाही, एकेका पानावर वीसवीस वेगवेगळी नावं असतात आजकाल, जाहिराती, फॉन्ट, चित्रं, सगळ्यांचं वेगळं डोमेन. नेट हळू असेल, मोबाइल हॉटस्पॉटवर असाल, तिथे फरक जाणवतो. चांगल्या लाइनवर डोळ्याला फार दिसणार नाही, तेही मान्य.

आता लावलाच आहे तर दोनतीन गोष्टी सांगून ठेवतो.

कॅशे नाव किती वेळ धरून ठेवणार हे तो ठरवत नाही, त्या नावाचा मालक ठरवतो, टीटीएल म्हणून सेकंदांचा आकडा उत्तरासोबतच येतो. मोठ्या साइट मुद्दाम ६० सेकंद, ३०० सेकंद असा लहान ठेवतात, म्हणजे एखादा सर्व्हर पडला की लोकांना पटकन दुसरीकडे वळवता येतं. त्यामुळे कॅशे लावल्यावरही थोड्या वेळाने परत ३४ मिलिसेकंद दिसले तर बिघडलं असं समजू नका. डीएनएसमास्कमध्ये मिन-कॅशे-टीटीएल म्हणून जबरदस्तीने जास्त वेळ धरायची सोय आहे, आणि ती त्यांनीच एका तासावर अडवलीय, यातच काय ते समजा. मी वापरत नाही. ज्याने टीटीएल ठरवला त्याला काहीतरी कारण असेल.

दुसरं, "असं नावच नाही" हे उत्तरही कॅशे होतं. तुम्ही स्वतः एखादं डोमेन घेतलंत, रेकॉर्ड टाकायच्या आधीच घाईघाईने डिग करून बघितलंत, तर तो नकार लॅपटॉप काही काळ धरून बसेल आणि रेकॉर्ड टाकल्यावरही "नाही" म्हणत राहील. डीएनएसमास्कला किल मायनस एचयूपी दिलं की तो कॅशे रिकामा करतो. रिझॉल्व्ह्डवाल्यांनी रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस.

तिसरं, ब्राउझरमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू असेल तर ब्राउझर तुमच्या या सगळ्या खटाटोपाला वळसा घालून थेट बाहेर विचारतो. मग ऑफिसची आतली नावं टर्मिनलमध्ये सापडतात आणि ब्राउझरमध्ये नाही अशी गंमत होते. व्हीपीएनचं काही अडलं तर आधी तिथे बघा.


नवशिका_पण_हौशी:

धागा वाचून जोश आलाय, पण माझ्याकडे विंडोज आहे, आणि घरात एक मॅक. तिथे काय करायचं?


घुबड_रात्रीचं:

काहीच नाही. विंडोजमध्ये डीएनएस क्लायंट नावाची सर्व्हिस आधीपासून कॅशे करते, आयपीकॉन्फिग स्लॅश डिस्प्लेडीएनएस करून बघा, आत काय काय साठलंय ते दिसेल, थोडी लाजही वाटेल. रिकामं करायला स्लॅश फ्लशडीएनएस. मॅकमध्ये एमडीएनएसरिस्पॉन्डर हेच काम करतो. दोन्हीकडे डीएचसीपीशी सगळं आधीच जुळलेलं असतं. जोश राखून ठेवा.


टर्मिनलबहाद्दर:

मी तर डीएचक्लायंट या डीएचसीपी क्लायंटच्या कॉन्फमध्ये प्रीपेंड डोमेन-नेम-सर्व्हर्स १२७.०.०.१ ही एक ओळ टाकतो, वर्षानुवर्षं चालतंय. त्याने डीएचसीपीच्या यादीच्या वर आपला पत्ता लागतो आणि खाली आलेले पत्ते राहतात. नेटवर्कमॅनेजर कशाला हवा?


जुनंखोड:

ज्याच्याकडे नेटवर्कमॅनेजर नाही त्याच्यासाठी ती ओळ चांगलीच आहे, मीही कितीतरी वर्षं तीच वापरली. पण दोन अडचणी. एक, नेटवर्कमॅनेजर हल्ली स्वतःचाच डीएचसीपी क्लायंट वापरतो, तो डीएचक्लायंटची कॉन्फ फाइल उघडूनही बघत नाही, त्यामुळे नवीन माणूस ती ओळ टाकतो आणि काहीच होत नाही. आणि दुसरं, डीएचक्लायंट ज्यांनी बनवला त्या आयएससीने २०२२ मध्येच त्याची देखभाल थांबवलीय. चालतोय तोवर चालवा, पण नवीन माणसाला मी तिकडे पाठवणार नाही.

अजून एक, यादीत वर १२७.०.०.१ आणि खाली खरे पत्ते असं असेल तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये तीनच नेमसर्व्हर चालतात हे विसरू नका. चौथा लिहिला तर कुणी वाचत नाही, आणि चूकही दाखवत नाही.


टर्मिनलबहाद्दर:

तीनचं माहीत नव्हतं. माझ्याकडे पाच आहेत. जाऊन बघतो.


लॅपटॉपग्रस्त:

शेवटचा रिपोर्ट देतो म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

राउटरमधली ती ओळ काढली. मग मुद्दाम एक प्रयोग केला, नेटवर्कमॅनेजरची ती दोन ओळींची फाइल तात्पुरती हलवली, म्हणजे कॅशे नाही, नुसतं जसं येतं तसं. साइट टकाटक उघडतायत, पाच सेकंद नाहीत. म्हणजे कशाला_हवंय जिंकले, जाहीर मान्य. मग फाइल परत ठेवली कारण आता ते ० मिलिसेकंद बघायची सवय लागलीय.

आज गेस्ट वायफायवर गेलो होतो, लॉगिनचं पान आपोआप आलं. नंतर ऑफिसचं व्हीपीएन लावलं, आतली नावं टर्मिनलमध्ये सापडतायत, ब्राउझरमध्ये मात्र नाही, मग जुनंखोड साहेबांचं तिसरं आठवलं आणि खरंच ते एचटीटीपीएसवालं चालू निघालं. बंद केलं, झालं.

एकच शंका उरलीय. हॉटस्पॉटवरून घरच्या वायफायवर आलो की कॅशे आपोआप रिकामा होतो का, की आधीच्या जाळ्यातली उत्तरं इकडे येतात?


शांतगोगलगाय:

बाहेरच्या साध्या साइटसाठी आली तरी बिघडत नाही, टीटीएल संपला की जातातच. भानगड फक्त अशा नावांची, ज्यांचं उत्तर जाळ्यागणिक बदलतं, म्हणजे ऑफिसच्या आत एक आणि बाहेर दुसरं. तसं काही विचित्र दिसलं तर नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा, त्याचा डीएनएसमास्कही त्याच्यासोबत नव्याने उभा राहतो आणि कॅशे कोरा होतो. मी तर त्यासाठी एक छोटा एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, करून ठेवलाय. नाव ठेवलंय "विसर".


टर्मिनलबहाद्दर:

बघितलं. पाचातला वरचा एक जिवंत, खालचे चार कधीकाळचे मीच टाकलेले. त्यातले दोन उत्तर देत नाहीत. कुणाला सांगू नका.